घरघंटी घ्यावी का? वर्षभर वापरल्यावरचा पूर्ण हिशोब

घरघंटी म्हणजे घरातली विजेवरची पिठाची चक्की घेऊन आमच्याकडे वर्ष उलटून गेलं आणि सोसायटीतल्या, ऑफिसातल्या मैत्रिणी सारख्या विचारतात की अगं परवडते का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. आधीच सांगते, दळणाचे पैसे वाचतील एवढ्याच हिशोबाने घेणार असाल तर घेऊ नका, त्यात मशीनची किंमत निघायला दहा वर्षं लागतील. आमचे पैसे वाचले ते किराण्याच्या पिशवीतून आणि बाहेरून मागवण्यातून, आणि ते कसं हेच खरं सांगण्यासारखं आहे.

आमचं मशीन एक एचपीचं, सिंगल फेज, लाकडी कपाटासारखी उभी बॉडी, सोबत पाच-सहा जाळ्या, ब्रश आणि पिठाचा स्टीलचा डबा. अठरा हजाराच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मी वापरलंय ते एकच मशीन, पण दुकानात बघितलेल्या बऱ्याच मशीन राजकोटकडच्या होत्या आणि आतलं काम साधारण सारखंच. आत दगड नसतो, स्टीलच्या पात्या गरगर फिरतात, दाणा आपटून फुटतो आणि पुरेसा बारीक झाला की जाळीतून खाली डब्यात पडतो. म्हणजे जाळी बारीक लावली की पीठ बारीक, मोठी लावली की रवा, त्याहून मोठी लावली की भरडा. दार उघडं असेल तर मशीन चालूच होत नाही, लहान मुलं असलेल्या घरात ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आता पैशाचं. घरात सहा माणसं, मी, नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि अण्णा म्हणजे सासरे. सगळं मिळून महिन्याला पंचवीसेक किलो दळण होतं. आमच्या भागात गिरणीत किलोला सात रुपये घेतात. मशीन तासाला साधारण सात किलो गहू दळते आणि तेवढ्यात पाऊण ते एक युनिट वीज जाते, युनिटला दहा रुपये धरले तरी किलोला सव्वा-दीड रुपया. म्हणजे महिन्याला दीडशेच्या आत-बाहेर वाचणार, वर्षाला अठराशे. करा भागाकार. पॅकेटचा आटा आणणाऱ्यांना थोडं जास्त वाचेल, सुट्या लोकवन गव्हापेक्षा पॅकेटचं पीठ आमच्या दुकानात किलोमागे आठ-दहा रुपये महाग मिळतं, शिवाय १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, लेबल लावलेल्या पिठावर ५ टक्के जीएसटी बसलाय तो त्या किमतीत आलाच. तरीही नुसत्या गव्हावर अठरा हजार वसूल करणं लांबचं काम आहे.

मग फरक कुठे पडला, तर थोडं थोडं दळण्यात. गिरणीत अर्धा किलो नाचणी घेऊन गेलं तर काका दळून देतात पण आधीच्या माणसाचं पीठ आत राहिलेलं असतं ते आपल्यात येतं, आपलं थोडं आत राहतं, हातात येतं ते काय प्रमाणाचं हे देवालाच माहीत. उपवासाचं राजगिरा, शिंगाडा, भगर असलं काही असेल तर सासूबाई गिरणीत देतच नाहीत. त्यामुळे आम्ही एकदम पाच पाच किलो ज्वारी दळून आणायचो आणि तिथेच घोळ होता. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांच्या वर गेलं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुटते, मग उकड काढा, गरम पाण्यात मळा, इतकं करून ती कडकच होते. बाजरीचं तर त्याहून वाईट, बाजरीत तेलाचा अंश जास्त म्हणून पीठ लवकर कडवट होतं आणि मुलं एक घास खाऊन ताट बाजूला सारतात. आमच्या घरात सगळ्यांचं असं मत झालं होतं की पोरांना भाकरी आवडत नाही. त्यांना शिळ्या पिठाची भाकरी आवडत नव्हती, एवढंच होतं ते.

आता दोन-तीन दिवसांपुरती ज्वारी दळते. ताज्या पिठाला पाणी घातलं की कसं चिकट, गोळा धरून येतं, ज्यांनी थापलीये त्यांना कळेल मी काय म्हणते ते. भाकरी टम्म फुगते, पापुद्रा सुटतो, धाकटा ताटात पडल्या पडल्या लोणी लावून एक पूर्ण खातो. संध्याकाळचं जेवण आता भाकरीचं असतं आणि तेव्हापासून आठ वाजता मला भूक लागली, काहीतरी कुरकुरीत दे हे बरंच कमी झालंय.

इथे एक सरळ सांगायला हवं, ज्वारी स्वस्त नाही. चांगली मालदांडी ज्वारी गव्हापेक्षा महाग आहे, मंगळवेढ्याची घ्यायला गेलात तर आणखी महाग, तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि चवीला ती आहेच तशी. त्यामुळे पोळी सोडून भाकरी केली की खर्च कमी होतो असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. तेल मात्र कमी लागतं, पोळीला कणकेत तेल, घडीला तेल, वरून तेल, भाकरीला काहीच नाही.

खरी बचत पिशवीतली बघा. किराण्याच्या यादीतून आमच्याकडे काय काय गेलं: मल्टिग्रेन आटा, नाचणी सत्त्वाचं पाकीट, बेसन, तयार थालीपीठ भाजणी, इडली-ढोकळ्याची तयार मिक्स, आणि बिस्किटं, टोस्ट, नूडल्स निम्म्याहून कमी झाले. नाचणी सत्त्वाचं तर मला आश्चर्यच वाटलं, पाव किलोच्या डबीला आमच्या दुकानात शंभराच्या वर घेतात आणि अख्खी नाचणी किलोला पन्नासच्या आसपास मिळते. नाचणी धुऊन, भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत खडखडीत वाळवायची, किंचित भाजायची आणि सगळ्यात बारीक जाळी लावून दळायची, मग वस्त्रगाळ केलं की झालं. चाळून राहिलेला कोंडा टाकू नका, थालीपिठात घाला. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हात त्याच्या पावही नसतं, त्यामुळे वाढत्या मुलांच्या आणि आमच्यासारख्या चाळिशीतल्या बायकांच्या पोटात ती जायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

भाजणीचं आमचं प्रमाण विचारतात म्हणून देते. ज्वारी एक किलो, बाजरी अर्धा किलो, तांदूळ अर्धा किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव किलो, गहू पाव किलो, मूठभर धणे आणि दोन चमचे जिरे. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं, एकत्र भाजलंत तर जिरं जळतं आणि डाळ कच्ची राहते. भाजलेलं पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना मशीनमध्ये घातलं तर वाफ धरते आणि पीठ जाळीला चिकटतं. ही भाजणी घरात असली की शनिवारी संध्याकाळी दमून आल्यावर पंधरा मिनिटांत कांदा-कोथिंबीर घालून थालीपीठ होतं. आधी आम्ही जवळजवळ दर शनिवारी मोबाईलवरून काहीतरी मागवायचो, सहा माणसांचं सातशे-आठशे सहज व्हायचं, आता महिन्यातून एखाद्या वेळी मागवतो आणि तेही ठरवून, मजेने. हे आणि पाकिटं मिळून महिन्याला अडीच-तीन हजाराचा फरक पडलाय. मशीनची किंमत त्यात निघून गेली.

तब्येतीचं विचाराल तर जेवढं दिसलं तेवढंच सांगते. मोठीला पोट साफ न होण्याचा त्रास होता तो बराच कमी झाला, पीठ चाळत नाही, कोंड्यासकट मळतो, त्याने असेल. अण्णांना शुगर आहे, त्यांच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच आहेत आणि मशीनमुळे शुगर गेली वगैरे असलं काही कुणी सांगत असेल तर कृपया विश्वास ठेवू नका. भाकरीनेही साखर वाढते, चार खाल्ल्या तर वाढणारच, आम्ही त्यांची एक-दीड ठरवलीये आणि सोबत भाजी, वरण, कोशिंबीर जास्त. आणि घरात आता गहू सोडून चार धान्यं फिरती असतात, ज्वारी, बाजरी, नाचणी, कधी वरी. २०२३ हे भरडधान्य वर्ष होतं तेव्हा सगळीकडे पोस्टर बघितले आणि महागडी मिलेटची बिस्किटं बाजारात आली, पण ही धान्यं आपल्या आज्या रोज खात होत्या, ती बिस्किटातून खायची काय गरज आहे?

बचतीचा आणखी एक भाग मशीनमुळे जमला, वर्षाचं धान्य भरणं. पीठ साठवता येत नाही पण अख्खं धान्य वर्षभर राहतं. एप्रिल-मेमध्ये नवीन गहू-ज्वारी येते तेव्हा भाव बरा असतो, अण्णांचं गाव बार्शीकडे असल्याने ज्वारी तिकडूनच येते, गहू इथे मार्केट यार्डातून पोत्याने घेतो. कडक ऊन दाखवायचं, पूर्ण गार झाल्यावर कोठीत भरायचं, मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला. पाऱ्याच्या गोळ्या मात्र आम्ही बंद केल्या, खायच्या धान्यात पारा कशाला ठेवायचा. पोतं एकदम घ्यायला एकरकमी पैसे लागतात हे खरं, आम्ही त्यासाठी वर्षभर दर महिन्याला थोडे बाजूला टाकतो.

आता त्रास, कारण तो आहे. आवाज मोठा आहे, मिक्सरसारखा पण सलग तासभर, त्यामुळे दुपारी दोन ते चार आणि रात्री नऊनंतर आम्ही लावत नाही, खालच्यांना कशाला त्रास. झाकण कितीही घट्ट असलं तरी आजूबाजूला पिठाचा पातळ थर बसतोच, स्वयंपाकघर लहान असेल तर बाल्कनीच्या बंद भागात ठेवा, पावसाचं पाणी येणार नाही असं बघून. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सफाई. आत, जाळीमागे आणि हवेच्या कापडी पिशवीत पीठ राहतं आणि पावसाळ्यात आठवडाभर तसंच राहिलं की त्यात अळ्या होतात. प्रत्येक वेळी ब्रश मारायचा, पिशवी झटकायची, महिन्यातून एकदा धुऊन उन्हात वाळवायची. हे करायची तयारी नसेल तर सरळ गिरणीत जा, तिथलं ताजं दळण पॅकेटपेक्षा कधीही चांगलं.

धान्य निवडून घेणं हेही आलंच. एक खडा गेला तरी जाळी फाटते. आमच्याकडे रविवारी सकाळी परातीत धान्य ओतून सगळे निवडायला बसतो, नवरासुद्धा, मुलं सुद्धा, पहिले काही आठवडे कुरकुर झाली आणि आता मोठी स्वतःहून परात काढते. घरातल्या एकाच बाईवर हे सगळं पडणार असेल तर ती महिन्याभरात कंटाळेल आणि मशीनवर कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या दिसतील, म्हणून विकत घेण्याआधीच कामाची वाटणी बोलून घ्या.

यात शेंगदाणे, तीळ, खोबरं असलं तेलकट काही घालायचं नाही, जाळी लगेच तुंबते. सोयाबीन घालायचं तर गव्हात मिसळून, किलोला मूठभर. ओलसर तांदूळ नाही. मिरची-हळद मी घालत नाही, वास महिनाभर जात नाही, त्यासाठी आमच्या गिरणीवाल्या काकांकडेच जाते, आणि वर्षाचा मसाला त्यांच्याकडे कुटून घेताना त्यांचाही धंदा चालतो याचं बरं वाटतं.

सर्व्हिसचा अनुभव मात्र चांगला नाही. ज्या दुकानातून घेतली त्याने घरी येऊन डेमो देतो सांगितलं होतं, पैसे मिळाल्यावर फोन उचलेना, शेवटी नवऱ्याने व्हिडिओ बघून जोडली. वॉरंटीत पट्टा सैल झाला तेव्हा माणूस यायला तीन आठवडे लागले. त्यामुळे घेताना मोटरची वॉरंटी किती हे विचारता तसं आपल्या गावात मेकॅनिक कुठे बसतो हेही विचारा आणि त्याचा नंबर बिलावर लिहून घ्या. जमलं तर घरातलीच अर्धा किलो ज्वारी पिशवीत घेऊन दुकानात जा आणि समोर दळून बघा, गव्हावर सगळ्याच मशीन छान चालतात, बारीक जाळीवर ज्वारी-नाचणी घातल्यावर मोटर दमते का ते कळतं. ग्रामीण भागात असाल तर जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात चौकशी करा, अनुदानावर पिठाची गिरणी द्यायच्या योजना तिथे निघतात, तुमच्या जिल्ह्यात आत्ता चालू आहे का ते तिथेच कळेल.

दोन माणसांच्या घराला मी घ्या म्हणणार नाही, महिन्याला आठ-दहा किलो दळणाला गिरणीच बरी. चार-पाचच्या वर माणसं, भाकरी खायची तयारी आणि मशीन ठेवायला कोरडी जागा असेल तर नक्की घ्या. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यात बारीक जाळी एक जास्तीची मागून घ्या, आधी तीच फाटते आणि नेमकी सुटीच्या दिवशी फाटते.