अकरा महिने वापरल्यावर: चोकशिवाय सुरू होते म्हणून खूश होतो, दुखणं तिथेच होतं

गाडी घेऊन अकरा महिने झाले. दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग तो कार्बोरेटर), चोकचा खटका हँडलवर. चोक म्हणजे थंड इंजिन सुरू व्हावं म्हणून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी सोय. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. सीट, ब्रेक, हेडलाइट यांबद्दल माझी काही तक्रार नाही. मला लिहायचंय ते फक्त चोक आणि आयडलिंगबद्दल, म्हणजे मूठ सोडल्यावर इंजिन किती रेसवर चालतं त्याबद्दल, कारण त्यापायी माझे चार महिने आणि बरंच पेट्रोल वाया गेलं.

पाचव्या महिन्यात लक्षात आलं, की सकाळच्या गारव्यातही गाडी चोक न ओढता एका सेल्फला सुरू होते. तेव्हा मी हे सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो. त्याच वेळी लिहायला बसलो असतो, तर पैकीच्या पैकी मार्क दिले असते. ते मत आता मागे घेतोय.

हळूहळू, गाडी तापली की मूठ सोडलेली असतानाही मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा काटा १,४०० वर न थांबता १,९०० पर्यंत चढायला लागला. पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज, मूठ सोडली तरी गाडी पुढे ओढत राहायची, आणि अ‍ॅव्हरेज ४८ वरून ४१ वर आलं. सर्व्हिसला दिली. त्यांनी आयडल स्क्रू सैल करून रेस खाली आणली, काटा १,४०० वर दाखवला आणि गाडी हातात दिली. दोन दिवसांत सिग्नलला बंद पडायला लागली. परत गेलो, तर म्हणे पेट्रोल खराब आहे. प्लग बदलला. तिसऱ्यांदा गेलो, पुन्हा प्लग. काढलेले दोन्ही प्लग मी मागून घेतले. दोन्ही काळेकुट्ट, कोरडी काजळी. काजळी का धरतेय, एवढंच मी विचारत होतो. उत्तर कुणी देईना, तेव्हा आवाज चढले. दोन प्लगचे पैसे गेले ते गेलेच.

एका सकाळी उभ्या गाडीचं हँडल सहज डावीकडे वळवलं आणि रेस आपोआप वाढली. आधी वाटलं, अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणतेय. पण मुठीला मोकळी चाल व्यवस्थित होती. शिवाय थ्रॉटल, म्हणजे मूठ पिळल्यावर उघडणारी वाट, जरा उघडा राहिला, तर पेट्रोलबरोबर हवाही जास्त जाते. त्याने रेस वाढेल, पण प्लग इतका काळा होणार नाही. म्हणजे जादा पेट्रोल दुसऱ्याच वाटेने येत होतं. ती वाट चोकची.

हे लवकर सुचलं नाही, कारण माझ्या आधीच्या गाडीत चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची पत्र्याची झडप होती. ती मिटली की हवा अडते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. नुसत्या झडपेने रेस चढेलच असं नाही, म्हणून बऱ्याच कार्बोरेटरांत झडपेबरोबर थ्रॉटल किंचित उघडणारी जोडणी असते. ह्या गाडीत झडपच नाही. खटका ओढला की केबल एक छोटा प्लंजर (दट्ट्या) वर उचलते आणि थ्रॉटलला वळसा घालून जाणारी वेगळी वाट उघडते. तिथून जादा पेट्रोल आणि थोडी हवा, दोन्ही आत जातात. म्हणून मूठ न पिळता रेस चढते. ही वाट बंद थ्रॉटलमागे इंजिन जे शोषतं त्या ओढीवर चालते, त्यामुळे चोक ओढून सेल्फ मारताना मूठ पिळली तर चोकचं बळच कमी होतं.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं आतल्या भिंतींना ओलं चिकटतं. तिथे जादा पेट्रोल लागतंच. इंजिन तापल्यावरही ते येत राहिलं, की काजळी धरणार.

चोकची केबल पाहिली, तर तिला मोकळी चालच नव्हती, ती कायम ताणलेली होती. खटका पूर्ण बंद असूनही प्लंजर जरासा उचललेला, आणि हँडल वळलं की आणखी थोडा. सकाळी चोकशिवाय सुरू होत होती ती यामुळे. चोक बंद होतच नव्हता! अ‍ॅडजस्टर फिरवून केबलला दोनेक मिलिमीटर ढील दिली. गाडी लगेच बंद पडली. मी घाबरलो, पण ते बरोबरच होतं: सर्व्हिसवाल्यांनी गळक्या चोकच्या हिशेबाने स्क्रू सैल करून ठेवला होता. इंजिन चालू राहील एवढाच तो आत घेतला, दहा मिनिटं फिरवून आणलं आणि तापलेल्या गाडीवर रेस पुन्हा १,४०० ला लावली. थंड गाडीवर, चोक ओढलेला असताना ह्या स्क्रूला हात लावू नका. तापल्यावर सगळा हिशेब बदलतो.

त्याला आता दोन महिने झाले. सकाळी चोक लागतो आणि मला त्याचा आनंद आहे. पूर्ण ओढला की काटा २,५०० च्या आसपास जातो, अर्ध्या मिनिटाने अर्धा करतो, पहिल्या वळणापर्यंत पूर्ण बंद. हँडल कुठेही वळवा, रेस हलत नाही. तीन टाक्या मोजल्या, अ‍ॅव्हरेज ४७. प्लग तांबूस, म्हणजे काजळी नाही.

कंपनीवर एकच राग आहे: खटका अर्ध्यावर टिकत नाही, स्प्रिंग त्याला मागे ओढते. म्हणून चोक बंद करेपर्यंत तो अंगठ्याने धरून ठेवावा लागतो, आणि हातमोजे घातले की तेही नीट जमत नाही.