सर्नचं ओपन डेटा पोर्टल: खऱ्या प्रोटॉन टकरींचा डेटा, तोही फुकट

सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेचं हे पोर्टल 2014 पासून चालू आहे, पण फिजिक्सची आवड असणाऱ्या कितीतरी जणांना अजून पत्ताच नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. जिनिव्हाजवळ 27 किलोमीटरच्या बोगद्यात एलएचसी या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात प्रोटॉन एकमेकांवर आदळतात, त्यातल्या सीएमएस, अ‍ॅटलास वगैरे प्रयोगांचा डेटा इथून कुणीही उतरवून घेऊ शकतं. पैसे नाहीत, कुणाची परवानगी नाही. आणि हा खेळण्यातला डेटा नाही बरं का, डिटेक्टरने प्रत्यक्ष नोंदवलेल्या टकरी आहेत.

सुरुवात सीएमएसच्या दोन म्युऑनवाल्या सीएसव्ही फाइलपासून करा (म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, सीएसव्ही म्हणजे साधा तक्ता). एका ओळीत एक इव्हेंट, म्हणजे एका टकरीची नोंद, त्यात दोन्ही म्युऑनची ऊर्जा, संवेगाचे तीन घटक आणि चार्ज. पायथॉन जुजबी येत असेल तरी चालतं. दोघांच्या ऊर्जा मिळवा, संवेग घटकाघटकाने मिळवा, ऊर्जेच्या वर्गातून संवेगाचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा आणि आलेल्या वस्तुमानांचा हिस्टोग्राम काढा, बस्स! 3.1 जीईव्हीला (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक) जे-साय, साडेनऊच्या आसपास अप्सिलॉन आणि 91 ला झेड बोसॉन, दोन म्युऑनमध्ये फुटणारे हे सगळे कण आपापल्या जागी उभे. अप्सिलॉनपाशी हिस्टोग्रामचे बिन (खाने) बारीक करून बघा, तिथे 9.46, 10.02 आणि 10.36 अशी वेगवेगळी शिखरं सुटी होतात. आता मुद्दाम सारख्या चार्जच्या जोड्या घ्या, की झेडचं शिखर जवळपास सपाट, कारण झेडवर चार्जच नसतो, त्यातून एक धन आणि एक ऋण म्युऑनच निघणार. वर्गात वर्षभर ऐकून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एका संध्याकाळी शिरतं.

पुढची पायरी म्हणजे चार लेप्टॉनवालं (इथे इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन) हिग्ज बोसॉनचं उदाहरण, 2011 आणि 2012 च्या डेटावर. 125 जीईव्हीपाशी इव्हेंट थोडेच दिसतात, आणि हिग्ज सापडल्याच्या 4 जुलै 2012 च्या घोषणेआधी शास्त्रज्ञांनी पार्श्वभूमी (हिग्जशिवाय येणारे पण तसेच दिसणारे इव्हेंट) मोजायला एवढा जीव का टाकला ते तेव्हा कळतं.

खटकणारी गोष्ट एकच पण मोठी आहे. सीएसव्हीवरून टकरींची सविस्तर नोंद असलेल्या मूळ एओडी फाइलींकडे जाताना एकदम कडा चढावा लागतो, सीएमएसचं स्वतःचं सॉफ्टवेअर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) चालवायचं, त्यात ठरावीक जुनी व्हर्जन, शिवाय चांगल्या रनची (डेटा नोंदवण्याच्या सत्रांची) यादी लावून बाकीचे वगळायचे, आणि ही माहिती एका जागी सलग न मिळता या पानावर थोडी त्या पानावर थोडी. 2016 च्या डेटाच्या नॅनोएओडी फाइली (त्याच माहितीचं आटोपशीर रूप) त्या मानाने फार सोप्या, नेहमीच्या पायथॉनमध्ये उघडतात, त्यामुळे नवख्यांनी सीएसव्हीनंतर सरळ तिकडेच वळावं असं माझं ठाम मत.

हे सगळं फक्त शिकण्यापुरतं आहे असंही नाही. एमआयटीच्या जेसी थेलर यांच्या गटाने सीएमएसचा 2010 चा डेटा इथूनच घेऊन जेटच्या (एका दिशेने निघालेल्या कणांच्या झोताच्या) आतली रचना अभ्यासली आणि 2017 मध्ये पेपर छापला. स्वतः सीएमएसचे सदस्य नसताना! मला या पोर्टलचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे.

कोडिंग अजिबात येत नसेल तर टकरी चित्रात दाखवणारा ब्राउझरमधला इव्हेंट डिस्प्ले उघडा, माउसने डिटेक्टर फिरवा, आणि सीएमएसच्या 3.8 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात कमी संवेगाचे कण कसे जास्त वळतात तेवढं तरी बघाच.