पेपरलेस-एनजीएक्सवर दफ्तर हलवलं, त्याला नऊ महिने झाले

आमची शिक्षण संस्था परभणी जिल्ह्यातली. तीन शाळा, एक कनिष्ठ महाविद्यालय आणि कागद सांभाळायला आम्ही दोघं लिपिक. आधी वर्षाचं भाडं भरून एक प्रणाली वापरत होतो. ती सोडताना कागद परत मिळाले, पण फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे. कोणता आकडा कोणत्या पत्राचा, हा तक्ता मिळवायला तीन आठवडे फोन करावे लागले. नवं काहीही घेताना आधी विचारा, सोडून जायचं झालं तर सामान कसं मिळेल?

पेपरलेस-एनजीएक्स म्हणजे स्कॅन केलेले कागद सांभाळायचं आणि त्यातला मजकूर शोधून द्यायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे आणि आपल्याच संगणकावर चालतं. डॉकरवर, म्हणजे तयार डब्यातून सॉफ्टवेअर चालवायच्या सोयीवर, पुतण्यानं बसवून दिलं. स्कॅन केलेली पीडीएफ ठरलेल्या फोल्डरात टाकली की ते उचलतं, टेसरॅक्ट नावाच्या ओसीआरकडून (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामकडून) वाचून घेतं, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवतं. मराठी मात्र आयती येत नाही, सेटिंगमध्ये वेगळी टाकावी लागते.

पहिला महिना वैतागात गेला. ‘वेतनेतर अनुदान’ शोधलं की अलीकडची पत्रं यायची, जुनं एकही नाही. पत्र तर समोर उघडं, अक्षर स्वच्छ! शेवटी त्यातली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवली, तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. जुनी पत्रं श्रीलिपी नाहीतर कृतीदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. दिसायला मराठी, पोटात रोमन. आत मजकूर आहेच असं धरून ओसीआर त्या पानांना हातच लावत नव्हतं. ओसीआरचा मोड ‘स्किप’चा (मजकूर असलेली पानं सोड) ‘फोर्स’ (सगळी पानं वाच) केला, तेवढ्याच फाइली निवडून पुन्हा वाचायला लावल्या. संगणक रात्रभर घरघरत होता. सकाळी २००९चं पत्र पहिल्या झटक्यात सापडलं. काम झाल्यावर मोड परत ‘स्किप’वर आणा, नाहीतर युनिकोडमधल्या चांगल्या पीडीएफचीही चित्रं करून ते नव्यानं वाचत बसतं आणि चुका करतं.

हस्ताक्षरापुढे मात्र त्यानं हात टेकले. आणि आमचा खरा खजिना हातानंच लिहिलेला आहे: जनरल रजिस्टरं, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या मुलांच्या नोंदवह्या. २०२३मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून अशा नोंदी शोधायला माणसं येतात. “मालक, आज्याचं नाव तेवढं बघा की.” कुणबी दाखल्याला पुरावा १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा लागतो, म्हणून आधी तेवढीच रजिस्टरं घेतली. एकेक पान स्कॅन करून वर्ष, अनुक्रमांक आणि पानावरची आडनावं हातानं टाइप केली. चार महिने लागले. एकाच आडनावाच्या दोन-तीन तऱ्हा सापडल्या, त्या सगळ्या लिहून ठेवल्या. हे काम कोणतंही सॉफ्टवेअर करून देणार नाही, विकणारा काहीही सांगो.

बॅकअप दर शनिवारी दोन हार्डडिस्कवर, एक डिस्क मुख्याध्यापक सरांच्या घरी. यूपीएस घ्याच, आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

मागच्या आठवड्यात एक बाप-लेक आले. चहा यायच्या आत पान पडद्यावर होतं. लेकानं मोबाइलवर फोटो घेतला आणि निघाला. त्याला थांबवावं लागलं, कारण सही-शिक्क्याचा उतारा मूळ रजिस्टरवरूनच द्यायचा असतो. पण पानाला दिलेला क्रमांक रजिस्टरच्या पाठीवरही चिकटवलाय. शिपाई मामांनी कपाट उघडलं ते थेट तिसऱ्या फळीवर हात घालूनच.