प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को: रिझर्वाच्या आधी साधी बाटली घ्या

इटलीच्या पिएमाँत प्रांतात, आल्बा शहराजवळ, तानारो नदीच्या काठच्या टेकड्यांवर बार्बारेस्को हे गाव आहे. तिथल्या प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को या सहकारी संस्थेची ही वाईन. 1894 साली आल्बाच्या वाईनशाळेचे प्रमुख दोमित्सिओ काव्हात्सा यांनी असाच प्रयत्न केला होता, पण फॅसिस्ट राजवटीत तो बंद पडला. 1958 साली गावच्या पाद्र्याने एकोणीस शेतकऱ्यांना पुन्हा एकत्र आणलं आणि पहिल्या काही हंगामांची वाईन चर्चच्या तळघरात तयार झाली. आज पन्नासच्या वर सभासद आहेत. नेब्बिओलो जातीची सगळी द्राक्षं संस्थेलाच घालायची, हा नियम आहे. भाव ठरतो तो घडातली साखर आणि प्रत पाहून, त्यामुळे नुसतं वजन वाढवून कुणाचा फायदा होत नाही. आपल्याकडच्या सहकाराची ज्यांना माहिती आहे, त्यांना या एका नियमाचं मोल वेगळं सांगायला नको.

नेब्बिओलो ही अवघड जात. लवकर फुटते आणि उशिरा पिकते. फुटवा एप्रिलमध्ये, काढणी ऑक्टोबरच्या मध्याला. उष्ण वर्षी थोडी आधी. काडीच्या बुडाकडचे दोन-तीन डोळे बहुधा वांझ निघतात, म्हणून आखूड छाटणी केली की पानं भरपूर येतात आणि घड मिळत नाहीत. त्यामुळे तिथे आठ-दहा डोळ्यांची लांब काडी ठेवून ती तारेवर आडवी बांधतात. दक्षिण आणि नैर्ऋत्य उताराच्या चुनखडीयुक्त चिकणमातीत ही जात रमते. उत्तरेच्या उतारावर ती पुरेशी पिकत नाही.

मण्यांत पाणी उतरायच्या सुमारास जादा घड काढून टाकतात. कायद्याने हेक्टरी 8 टनांची मर्यादा आहे, म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. खाण्याच्या द्राक्षांच्या बागाइतदाराला हा आकडा बघवणार नाही. पण घड जास्त ठेवले तर साखर पुरेशी चढत नाही आणि बियांतला टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) कच्चा राहतो. अशी वाईन घशाला कडवट लागते, आणि पुढे कितीही वर्षं ठेवली तरी तो कडवटपणा जात नाही. जूनमधला पाऊस डाऊनी (केवडा रोग) आणतो, ऑक्टोबरमधला पाऊस घडकूज. गारपीट तर कधीही.

काढणीनंतर देठ वेगळे करून मणी स्टीलच्या टाकीत जातात. आंबवण साधारण 28 अंशांवर होतं आणि साली रसात तीन आठवड्यांच्या आसपास राहतात. तापमान 35 अंशांपुढे गेलं तर यीस्ट मरतं, साखर तशीच उरते आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं. साली वर तरंगून त्यांचा जाड थर होतो. खालचा रस पंपाने वर घेऊन तो रोज भिजवावा लागतो. कोरडा राहिला की व्हिनेगरचा वास धरतो. पुढे झणझणीत आंबट मॅलिक आम्लाचं मवाळ लॅक्टिक आम्ल व्हावं लागतं. तळघर फार थंड असेल तर ही क्रिया अडते, म्हणून ते उबदार ठेवतात.

बार्बारेस्को म्हणून विकायला एकूण 26 महिन्यांचं मुरवण लागतं, त्यातले किमान 9 महिने लाकडात. ही संस्था वाईन साधारण दोन वर्षं ओकच्या प्रचंड पिंपांत ठेवते. 225 लिटरच्या लहान नव्या पिंपात व्हॅनिलाचा वास चढून द्राक्षाचा गंध दबतो. मोठ्या पिंपात हवा अगदी हळू लागते, टॅनिन मवाळ होतो आणि लाकडाची चव येत नाही. आम्हाला हीच पद्धत योग्य वाटते.

आता चवीबद्दल. रंग फिका असतो आणि काही वर्षांत विटकरीकडे झुकतो. तो पाहून वाईन पातळ आहे असं समजू नका. या जातीतली रंगद्रव्यंच कमी टिकाऊ आहेत. वास गुलाब, लाल चेरी, ज्येष्ठमध, मागून डांबराची छटा. घोट घेतल्यावर हिरड्या आवळून येतात. पहिली तीन-चार वर्षं हा आवळेपणा जरा जास्तच असतो, ही या बाटलीची खरी उणीव. लगेच प्यायची असेल तर त्याच संस्थेची लांगे नेब्बिओलो ही त्याच जातीची हलकी वाईन घ्यावी.

आसिली, राबाया, मोंतेस्तेफानो अशा नऊ मळ्यांच्या रिझर्वा, म्हणजे जास्त काळ मुरवलेल्या, बाटल्या चांगल्या वर्षी वेगळ्या निघतात. ज्या वर्षी त्या निघत नाहीत, त्या वर्षी नऊही मळ्यांचा माल साध्या बाटलीत येतो. मध्यम म्हणून हिणवलेल्या वर्षी साधी बाटली चांगली लागते, ती यामुळे. हंगाम निवडायचा तर 2016, 2019 आणि 2021 ठेवायला उत्तम. 2017 उष्ण वर्ष, लवकर पिण्याजोगं.

भारतात आयात शुल्कामुळे किंमत बरीच चढते, म्हणून दुकान पारखूनच घ्या. बाटली वातानुकूलित जागी आडवी आहे का, बूच वर आलंय का, आवरणाखाली चिकट ओघळ आहे का, हे बघा. उन्हाळ्यात तापलेल्या वाईनला शिजवलेल्या फळाचा वास येतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर दोष बुचाचा आहे, बाटली परत करा.

आपल्या घरातलं तापमान या वाईनला फार जास्त. फ्रिजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून 16 ते 18 अंशांवर, मोठ्या पेल्यात प्या. कोवळी असेल तर दोन तास आधी जगमध्ये ओतून ठेवा. दहा वर्षांपुढची असेल तर आदल्या दिवशीच उभी करा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. तांबड्या रश्श्यासोबत नको: टॅनिन आणि चौदा टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल तिखट आणखी भडकवतं. बेताच्या तिखटाचं, मंद आचेवर शिजलेलं मटण चालेल. उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी बहुधा जास्त मोकळी लागते. तिसऱ्या दिवसानंतर फळाचा वास उतरतो, तेव्हा ती रश्श्यात घालून संपवा.