लायसन्सची एरर वाचता आली पाहिजे: सेंटिनल घ्यावं की फ्लेक्सनेट?

डेस्कटॉप सॉफ्टवेअरला लायसन्स लावायचं ठरलं की सेंटिनल आणि फ्लेक्सनेट या लायसन्स सांभाळणाऱ्या दोन प्रणालींची नावं समोर येतातच. किंमत आणि सुरक्षेबद्दल भरपूर बोललं जातं, ते इथे सोडून देतो. मी दोन्ही वापरली आहेत आणि माझा निर्णय एकाच गोष्टीवर झाला: लायसन्स मिळालं नाही, तर का मिळालं नाही हे एपीआय (आपला प्रोग्रॅम त्या प्रणालीशी ज्यातून बोलतो ते कॉल) कितपत सांगतो.

सेंटिनलचा लॉगिन कॉल, म्हणजे लायसन्स मागणारा कॉल, फसला की हातात फक्त आकडा येतो. 7 म्हणजे डोंगल (लायसन्स असलेली यूएसबी की) सापडला नाही, 31 म्हणजे फीचर (सॉफ्टवेअरच्या ज्या भागाचं लायसन्स हवं तो) नाही, 41 म्हणजे मुदत संपली. त्याची वाक्यं आपणच लिहायची. याचा फायदाही आहे. कोड सुटसुटीत राहतो आणि मेसेज सरळ मराठीत देता येतो. डोंगल त्याच कॉम्प्युटरला लावायचा असेल तर एवढं पुरतं.

पंचाईत होते ती डोंगल सर्व्हरला असताना. डोंगल काढलेला असला तरी 7, आणि फायरवॉलने सेंटिनलचा 1947 पोर्ट अडवला असला तरी बहुधा 7च. सर्व्हर सांभाळणारा सांगतो, ‘साहेब, डोंगल लावलेला आहे, लाइटही लागलाय.’ ड्रॉइंग करणारी मुलगी सांगते, ‘सर, सातच येतोय.’ दोघंही खरंच बोलत असतात. मग एकेकाला ब्राउझरमध्ये सेंटिनलचं ॲडमिन कंट्रोल सेंटर हे पान उघडायला लावा, सर्व्हरचा आयपी तपासा, असं फोनवर चालू राहतं. कारण तिथे शोधता येतं, पण माझ्या प्रोग्रॅमला ते कळलेलं नसतं, आणि तेच मला खटकत राहिलं.

फ्लेक्सनेटमध्ये चेकआउट (लायसन्स मागणं) फसल्यावर लगेच, लायसन्सचा दुसरा कुठलाही कॉल करण्याआधी, ‘एलसी_एररस्ट्रिंग’ हे फंक्शन बोलवायचं. अख्खा परिच्छेद मिळतो: कारण, फीचरचं नाव, लायसन्स कुठे शोधलं तो पाथ आणि शेवटी कोड. -15 म्हणजे सर्व्हरशी जोडणी झाली नाही. पण त्याच्या पुढे ऑपरेटिंग सिस्टिमची एररही असते, आणि माझ्या मते सगळी किंमत तिचीच आहे. विंडोजवर तिथे 10061 दिसलं तर समोरून नकार आलाय; बहुतेक वेळा एलएमजीआरडी (सर्व्हरवर चालणारा फ्लेक्सनेटचा लायसन्स मॅनेजर) बंद असतो किंवा पोर्ट चुकलेला असतो. 10060 दिसलं तर उत्तरच आलेलं नाही, आधी फायरवॉल बघायची. फोन कुणाला लावायचा हे तिथेच कळतं. पाथच्या ओळीत कुणाची तरी जुनी लायसन्स फाइल राहिलेली असली तर तीही दिसते.

हा मजकूर इंग्रजीत आणि लांबलचक असतो, हे मान्य. ग्राहक मोबाइलवर स्क्रीनचा फोटो पाठवतात आणि नेमकी शेवटची ओळ कापलेली असते. मेसेज छोटा करायची सोय आहे, पण मी ती वापरत नाही. मुख्य कोडवरून आपलं एक मराठी वाक्य वर दाखवतो, पूर्ण मजकूर खाली ठेवतो आणि बाजूला कॉपीचं बटण देतो.

प्रत्येक मशीनला स्वतःचा डोंगल असेल, तर सेंटिनलवर तुमचं काही अडेल असं वाटत नाही. सगळे एकाच सर्व्हरवरून लायसन्स घेणार असतील, तर मी तरी पुन्हा फ्लेक्सनेटच घेईन. ठरवण्याआधी दोन्हींच्या ट्रायलवर सर्व्हरची सर्व्हिस एकदा बंद करा, मग ती चालू ठेवून फक्त पोर्ट अडवा, आणि दोन्ही वेळा एपीआयकडून काय परत येतं ते स्वतः पाहा.