पॅरामोटरचं इंजिन: 14 महिने, 60 तास आणि एक डायफ्राम

दसऱ्यानंतरच्या रविवारी, सकाळी साडेसहाला कामशेतच्या माळावर पॅरामोटरची (पाठीवर इंजिन बांधून उडायचं पॅराग्लायडर) दोरी ओढायला घेतली. खांदा निखळायची वेळ आली तेव्हा कुठे इंजिन लागलं, आणि थ्रॉटल दाबला की घुसमटून बंद. वारा अगदी हवा तसा. बरोबरचे तिघे डोक्यावरून हात हलवत गेले. तेव्हाच ठरवलं, घरी गेल्यावर या इंजिनाबद्दल शिव्यांसकट लिहायचं.

लिहायला दोन महिने लागले. तेवढ्यात शिव्यांचा पत्ता बदलला.

इंजिन इटालियन, टू-स्ट्रोक, 130 सीसीच्या आसपासचं, सेकंडहँड. माझं वजन 72 किलो. तासाला साडेतीन-चार लिटर पेट्रोल जातं, त्यात 2 टक्के ऑइल. पहिले आठ महिने तक्रारीला जागा नव्हती. उन्हाळ्यात हेडचं तापमान नेहमीपेक्षा 15 अंश वर दिसायचं, ते मी मावळच्या उन्हावर ढकललं.

विक्रेत्याला फोन केला. म्हणाला, कार्बोरेटरच बदला, 14 हजार. नुसतं डायफ्रामचं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पडद्याचं, किट द्या म्हटलं, तर ते सुटं येत नाही. तीन आठवडे हेच.

शेवटी वडगावात ग्रास कटर दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. भातकापणीचे दिवस, दुकानात कटरचा ढीग. त्याने चार स्क्रू काढले आणि डायफ्राम चिमटीत धरून उजेडात दाखवला. लवचीक पापुद्रा असायला हवा, तो वाळल्या पापडासारखा ताठ.

"साहेब, पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवलं होतं ना?"

ठेवलं होतं. दीड लिटर. ओतून द्यायला जिवावर आलं होतं.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने डायफ्राम ताठ होतो. ते किती आहे बघायला घरी मेजर सिलिंडरमध्ये पंपावरचं 100 मिली पेट्रोल घेतलं, निळ्या शाईचा थेंब टाकलेलं 10 मिली पाणी घातलं, हलवून ठेवलं. दहा मिनिटांत तळाचा निळा थर 29 वर, म्हणजे 19 मिलीने वाढला. इथेनॉल पाण्याला जाऊन मिळालं. (स्वयंपाकघरात करू नका. मला अजून ऐकावं लागतंय.) मग उन्हाळ्यातल्या त्या 15 अंशांचाही उलगडा झाला. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) तोच ठेवला तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त पडते, आणि इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये याचा शेवट पिस्टन जाम होण्यात. मोठ्या अल्ट्रालाइट विमानातलं फोर-स्ट्रोक रोटॅक्स 912 सुद्धा कंपनी 10 टक्के इथेनॉलपर्यंतच चालवू देते. आपण बिनधास्त ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरतो.

100 ऑक्टेनच्या पेट्रोलवर तीच चाचणी केली, निळा थर 10 वरच राहिला. भाव ऐकून पोटात गोळा येतो, पण तासाला चारच लिटर लागतात. आता उतरल्यावर टाकी रिकामी करतो आणि कार्बोरेटरमधलं संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो. शेवटी आवाज एकदम चढतो आणि बंद पडतो.

कार्बोरेटरवरचा नंबर जुळवून त्याच दुकानातून किट बसवलं. मजुरीसकट 400 रुपये. त्यानंतर 11 तास झाले, दुसऱ्या ओढीला लागतं. इंजिनाला साडेचार तारे.

काल विक्रेत्याचा फोन आला. किट आलंय म्हणे, 2,800 अधिक जीएसटी.