पुस्तकयादी एक, पानं दोन: सीएसएस घ्यावं की एक्सएसएलटी?

दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी वाचनालयाची यादी एक्सएमएलमध्ये (माहिती नावं दिलेल्या घटकांत ठेवणाऱ्या फाइलमध्ये) आहे, नोंदींत मराठी आणि गुजराती दोन्ही नावं आहेत आणि तिची दोन भाषांतली दोन पानं करायची आहेत. बडोद्याला साजेशी हीच कसोटी इथे लावली आहे.

सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारी भाषा (पहिली आवृत्ती १९९६), लगेच कामाला लागतं. फाइलच्या सुरुवातीला स्टाइलशीटची एक ओळ घालायची, प्रत्येक पुस्तकाला टेबल-रो आणि आतल्या घटकांना टेबल-सेल द्यायचं, की तक्ता उभा. काउंटरला (ओळींना क्रमांक देणाऱ्या सोयीला) ‘देवनागरी’ शैली दिली की १, २, ३ आपोआप. ‘गुजराती’ दिली की गुजराती अंक. झकास! पण हे अंक नुसते दिसतात, मजकुरात नसतात. शिवाय लेखकवार क्रम लावणं सीएसएसच्या आवाक्याबाहेरचं. फ्लेक्स मांडणीच्या ‘ऑर्डर’ने जागा बदलतात, पण स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) मूळ क्रमानेच वाचत जातो.

एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा (१.० आवृत्ती १९९९), सगळी रचनाच नव्याने बांधतं: क्रम, गट, एका फाइलमधून दोन पानं. त्रासही तितकाच देतं. मूळ फाइलला डीफॉल्ट नेमस्पेस (सगळ्या घटकांना लागू होणारं गटनाव) असेल तर घटकाच्या नुसत्या नावावर लिहिलेलं एकही टेम्प्लेट (त्या घटकाचं काय करायचं तो नियम) जुळत नाही आणि सगळा मजकूर सलग ओतला जातो, कारण अंगभूत नियम तेवढंच करतात. त्या नेमस्पेसला उपसर्ग ठरवून तो प्रत्येक एक्सपाथमध्ये (घटक शोधायच्या पत्त्यात) लावावा लागतो. दुसरी खोच आपल्याच अंकांची. ‘सॉर्ट’ला डेटा-टाइप ‘नंबर’ न दिल्यास १० हा ९ च्या आधी येतो. दिला, आणि दाखल क्रमांक देवनागरीत असले, तर १.० ला ते आकडे वाटतच नाहीत. आधी ‘ट्रान्सलेट’ या अक्षरं बदलणाऱ्या फंक्शनने इंग्रजी अंक करून घ्यावेत. गट पाडायला १.० मध्ये ‘की’ (key) या सूचीची कसरत आहे. ‘फॉर-ईच-ग्रुप’ २००७ च्या २.० मध्ये आलं, पण एक्सएसएलटीप्रॉक हा रूपांतराचा प्रोग्राम १.० वरच थांबलेला. त्यासाठी सॅक्सन घ्यावा.

ब्राउझरच्या भरवशावर मात्र राहू नये. तिथे १.० च चालतं आणि तेही काढून टाकायचा इरादा क्रोमने २०२५ मध्ये जाहीर केला आहे. रूपांतर आपल्या संगणकावर उरकून तयार एचटीएमएलच चढवावं.

त्या एचटीएमएलला वरचंच सीएसएस चालतं, फक्त सिलेक्टर (शैली कुठल्या घटकाला लागेल ते सांगणारा भाग) बदलायचे. दोन्ही पानांवर भाषेचं ‘लँग’ गुणधर्म नीट लिहिलं असेल, तर काउंटरची लिपी त्यावरून निवडता येते आणि एकच सीएसएस फाइल पुरते.